मंगलाताईंना बिनविरोध नको होतं

मंगलाताई आखातातल्या रुवीत शाळेच्या बसवर आया आहेत. सोळा वर्षं. मुलं उतरली की ड्रायव्हर जाफर म्हणतो, "यल्ला, चला ताई, बस रिकामी." तरी त्या शेवटच्या सीटपर्यंत जाऊन कुणी मूल राहिलंय का बघतात.

२०१४च्या एप्रिलात त्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. अर्ज मी लिहून दिला. समोर कृष्णकांत देसाई होते, बौशर या श्रीमंत वस्तीतले, बड्या कंपनीत मॅनेजर. आजवर अध्यक्ष बौशरचेच असायचे.

त्याच आठवड्यात मी त्यांना पेपरातली एक बातमी वाचून दाखवली होती. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा छोटा देश आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष निवडायची दुसरी फेरी होती. एका उमेदवाराने प्रचारच सोडून दिला. पण त्या फेरीतून माघार घ्यायची तिथे सोय नाही. मतपत्रिकेवर दोन्ही नावं राहिली.

"मग लोक गेले मत द्यायला?" ताईंनी विचारलं.

जिंकणाऱ्याला तेरा लाखांवर मतं पडली होती. ताईंनी तो आकडा मला पुन्हा वाचायला लावला.

शुक्रवारी दुपारी सभा भरली. मतदानाआधी देसाई उठले. ताई एवढ्या हौसेने उभ्या राहिल्यात, तर होऊ द्या, म्हणाले. माघार घेतली. पेढेही तेच घेऊन आले होते. आपल्याकडे बिनविरोध म्हणजे मान. लोक ताईंचं अभिनंदन करू लागले. ताईंनी आपला पेढा माझ्या हातात ठेवला आणि उठल्या. म्हणाल्या, दोन्ही नावं राहू द्या. मतदान घ्या.

देसाई हसले. "मी निवडून आलो तर?" त्यांनी विचारलं.

"तर तुम्ही अध्यक्ष. पण मोजा. बस रिकामी आहे असं जाफर रोज सांगतो. मी बघितल्याशिवाय दार लावत नाही."

सभागृहात निम्म्याहून जास्त लोक बौशरचे होते. मी ताईंचा पदर ओढला. त्या बसल्या नाहीत.

खजुराच्या रिकाम्या डब्याची मतपेटी झाली. चिठ्ठ्या वाचायला ताईंनी देसाईंनाच बसवलं. ते मोठ्याने वाचत गेले. मंगला. मंगला. कृष्णकांत. मंगला. मंगला. मंगला. मी बोटांवर मोजत होते. मग बोटं पुरेनात.

त्र्याण्णवपैकी अठ्ठ्याहत्तर.

टाळ्या आधी बौशरच्या बायकांनी वाजवल्या.

देसाई ताईंपाशी आले. "अध्यक्षबाई, माझंही मत तुम्हालाच होतं."

"ते धरलंय त्यात," ताई म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला.

"दे आता माझा पेढा."