ओल्या अंगाचा सत्कार

माझ्या नवऱ्याच्या सायकलिंगमधलं माझं काम सायकल थांबल्यावर सुरू होतं. टॉवेल, कोरडी बनियान, लोकरीची टोपी, स्वेटर, पायजमा आणि थर्मासमध्ये आलं घातलेलं गुळाचं पाणी, एवढा संसार एका पिशवीत भरून ते जिथे पोचणार तिथे मी आधी जाऊन बसते. जवाहरनगरला आमच्या क्वार्टरच्या ओळीत बायका यावरून मला चिडवतात. चिडवू देत.

मागच्या हिवाळ्यात यांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा जिना चढताना मधेच पायरीवर बसायचे. पुढे तब्येत सावरल्यावर डॉक्टरांनीच सायकल चालवायला सांगितली, हळूहळू वाढवा म्हणाले. मला मात्र बाजूला घेऊन वेगळं बजावलं. चालवताना अंग तापलेलं असतं, तेव्हा थंडी बाधत नाही, थांबल्यावर बाधते. घामाचे कपडे अंगावर ठेवून वाऱ्यात बसू देऊ नका, पुन्हा छातीत उतरलं तर या खेपेला जड जाईल. ते ‘जड’ त्यांनी असं काही म्हटलं की पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यंदा ऐन थंडीत यांच्या मनाने घेतलं की आपल्या गावी सायकलने जायचं. गाव आंधळगावजवळ. सरळ रस्त्याने गेलं तर फार लांब नाही, पण सरळ जाईल तो माझा नवरा कसला? पहाटे निघून कारध्याचा पूल ओलांडायचा आणि तुमसरकडून मोठा वळसा घेऊन गावात शिरायचं, असा बेत. आजारपणात भेटायला आलेली गावची माणसं यांच्याकडे ज्या नजरेने बघून गेली होती, ती नजर यांना पुसून टाकायची होती. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतंच.

मी आदल्या दिवशीच पिशवीसकट गावी गेले. तिथे धाकट्या दिराने भलताच घाट घातलेला. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, माईक, फुलांचे हार. भावाचा जाहीर सत्कार. शाळेच्या मागे तलाव आहे आणि त्यावरून येणारा सकाळचा वारा अडवायला मांडवाला एकही कनात नव्हती.

धुकं विरत असताना हे आले. ढोल वाजला. चेहरा लाल, अंगातली जर्सी पाठीला चिकटलेली, पिळली असती तर पाणी निघालं असतं. पण इतके खूश मी त्यांना आजारपणानंतर पहिल्यांदाच बघत होते. मी पिशवी घेऊन पुढे झाले, तर दीर आडवा आला.

“वहिनी, दोन मिन्टं थांबा ना. फोटूत सायकलचेच कपडे पायजेत. पाव्हणे येऊनच राहिले.”

“भाऊजी, निदान बनियान बदलू द्या. ओली आहे.”

“होऊन जाते जी. तुमी काहून टेन्शन घेता?”

पाहुणे मोटारीतून यायचे होते, म्हणून उशिरा आले. तोवर हे व्यासपीठावरच्या खुर्चीत, वाऱ्याच्या तोंडाला. समोर सगळा गाव मफलर आणि कानटोप्यांत गुंडाळून बसलेला आणि ज्याच्यासाठी जमला तो एकटा ओल्या पातळ कपड्यात. मी बायकांमध्ये सासूबाईंजवळ बसले होते. यांचा लाल चेहरा पांढरट पडताना मला तिथून दिसत होता. मी खुणा केल्या. त्यांनी बघितलं, हसले आणि दुसरीकडे मान वळवली.

मग शाल आली. चांगली जाडजूड, लोकरीची. पाहुण्यांनी ती यांच्या खांद्यांवर घातली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पडला तो क्षणभरच. फोटो निघाल्याबरोबर यांनी हात जोडले, शाल काढली, व्यवस्थित घडी केली आणि मांडीवर नारळाखाली ठेवून बसले. आपल्याकडे सगळे असंच करतात. सत्काराची शाल अंगावर ठेवून बसलेला माणूस मी तरी आजवर पाहिला नाही. लोक म्हणतील, याला कधी शाल मिळाली नव्हती वाटतं. पण त्या वेळी मला त्या रीतीचा, त्या पाहुण्यांचा आणि सगळ्यांत जास्त माझ्या नवऱ्याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ऊब त्यांच्या मांडीवर होती आणि ते कुडकुडत होते.

पाहुण्यांनी आरोग्याचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. स्वेटरवर कोट घालून केलं. मी एका पोराबरोबर दिराकडे निरोप धाडला, यांना काहीतरी गरम द्या. दिराने यांच्या हातात थंड पाण्याची बाटली नेऊन दिली.

मी उठून वर जाऊ शकत होते. कितीदा तरी उठायचं ठरवलं. पण गावासमोर बायकोने येऊन कपडे बदलायला उठवून नेलेला माणूस पुन्हा आजारीच ठरला असता आणि हे एवढे पायडल मारत कशासाठी आले होते ते मला ठाऊक होतं. म्हणून पिशवी पोटाशी धरून बसून राहिले.

शेवटी यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. माईक हातात घेतला आणि यांचे दात वाजायला लागले. “मी... आपल्या... सगळ्यांचा...” पुढे शब्दच फुटेना. हनुवटी थरथरत होती.

“भाऊ गहिवरले,” दीर दुसऱ्या माईकवरून म्हणाला. “गावाच्या मायेनं भाऊ गहिवरले.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझा हात दाबून म्हणाल्या, “पाय ना वो बाई, माह्या पोराले कसं भरून आलं.”



घरी आणल्यावर त्यांना जर्सीही काढता येईना, बोटं वळत नव्हती. मीच काढली. डोकं, पाठ खसाखसा पुसली, कोरडं घातलं, चुलीजवळ बसवलं, गुळाचं पाणी चमच्याने पाजलं. तळपायांना लसूण टाकून कढवलेलं तेल चोळलं, गरम वरणभात भरवला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं, फक्त ज्या वेळेला करायचं त्या वेळेला नाही. दुपारपर्यंत थरथर थांबली. यांना वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी अंग कोमट लागलं. परतीची गाडी सांगून ठेवली आणि ती येईपर्यंत त्यांना अंगणात उन्हात पालथं झोपवून पाठीला तेल लावायला बसले. येणारेजाणारे फाटकाशी थांबून कौतुक करत होते. “भाऊ, पुरे वाघ निंगाले तुमी तं,” म्हणत होते. हे उशीतून हसत होते. कोणी नाही असं बघून मी तेलकट पाठीवर कान टेकला. उजव्या बाजूला, खाली, प्रत्येक श्वासाबरोबर बारीक चुरचुर ऐकू येत होती. गेल्या वर्षी दवाखान्यात त्याच जागी डॉक्टर पुन्हा पुन्हा नळी टेकवायचे.

“काय म्हणते छाती?” यांनी डोळे न उघडता विचारलं. आवाजात अजून कालच्या टाळ्या होत्या.

“काही नाही म्हणत,” मी म्हटलं आणि तेल चोळत राहिले.