गाढवाच्या पोटातल्या सासूबाई

तुमच्या घरात ते राखाडी गाढव असेल, एक पापणी अर्धी मिटलेलं, पोट दाबलं की ‘मग?’ म्हणणारं, तर सांगून ठेवते: त्याच्या पोटात माझ्या सासूबाई आहेत. सून म्हणून हे वाक्य बोलताना मला थोडा जास्तच आनंद होतो, पण ते खरं आहे. आवाज त्यांचाच.

आमच्या सासूबाई खेळण्यांच्या कारखान्यात तोंडं करतात. म्हणजे अस्वलाला, हत्तीला, सशाला डोळे, नाक, ओठ शिवतात. बावीस वर्षं तोंडं करून पोट भरलं, पण कुणाला तोंड केलं म्हणून तक्रार नाही. मी त्याच कारखान्यात कापूस भरते. खेळणं आधी उलटं शिवतात, शिवण आत जावी म्हणून सुलटं करतात, ते माझ्याकडे येतं, मी ठासून भरते आणि सासूबाईंच्या टेबलावर ढकलते. तिथे त्या गोळ्याला अक्कल येते. निदान अक्कल असल्यासारखा चेहरा येतो. आजकाल तेवढ्यावर माणसंही निभावून नेतात.

तर या बाईंना एक वाईट खोड. टाचण्या तोंडात धरायच्या. डोळ्यांची जागा ठरवायला सात-आठ टाचण्या लागतात, त्या सगळ्या ओठांत. टेबलावर टाचण्यांची डबी आहे, भिंतीवर ‘टाचण्या तोंडात धरू नयेत’ अशी पाटी आहे, आणि पाटीच्या बरोबर खाली सासूबाई टाचण्या तोंडात धरून बसतात. घरी शिवणकाम काढलं तरी तेच.

टाचण्या तोंडात असताना माणूस काय बोलणार? एकच शब्द जमतो. ‘म’ला ओठ मिटावेच लागतात आणि ‘ग’ परस्पर घशातून निघतो. टाचणी पडत नाही. त्यामुळे सासूबाईंचं सगळं संभाषण या दोन अक्षरांत. ‘आई, गॅस संपला.’ ‘मग?’ ‘आई, मला बढती मिळाली.’ ‘मग?’ डॉक्टर म्हणाले, ‘तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय.’ तर त्यांनाही ‘मग?’ चढ नाही, उतार नाही, इस्त्री केल्यासारखं सपाट. डॉक्टरांसमोर तर तोंडात टाचण्याही नव्हत्या. जिभेला सवयच लागली होती.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा वर्षभर मला वाटलं, ही बाई मला कस्पटासमान लेखते. एकदा तर मी खोलीत जाऊन रडले. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘अगं वेडे, ती पुढे काय झालं ते विचारते. पुढे सांग म्हणते.’ आता हे लग्नाआधी सांगायला काय झालं होतं याला!

पण मला निदान सांगणारा कुणीतरी होता. मावशींना नव्हता.

मावशी म्हणजे सासूबाईंची सख्खी धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा सासूबाईंनीच तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. ती घटना घडली नऊ वर्षांपूर्वी. मी ओट्यापाशी उभी होते, सासूबाई खिडकीशी पडद्याला टाचण्या लावत होत्या. मावशी न सांगता आल्या, चपला काढल्या, पाणीही घेतलं नाही. म्हणाल्या, ‘ताई, आमचे हे घर सोडून गेले. कायमचे.’

सासूबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, ‘मग?’

मावशींनी लगेच चपला पायात घातल्या. ‘बरोबर आहे तुझं,’ म्हणाल्या, ‘मग काय! काहीच नाही!’ आणि उलट पावली बाहेर. सासूबाई टाचण्या थुंकून जिन्यापर्यंत धावल्या, पण मावशींची रिक्षा निघून गेली होती.

त्यानंतर मावशींनी फोन उचलला नाही. दोनदा सासूबाई त्यांच्या घरी गेल्या, दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा जायचं तर सासूबाईंचा मानही आडवा आला. नऊ वर्षं दोघी बहिणी एकमेकींना मेल्यासारख्या. सासूबाईंना याचं इतकं लागलं होतं की मावशींचं नाव घरात काढायची चोरी. मी एकदा काढलं, तर चार दिवस तो ‘मग?’सुद्धा ऐकायला मिळाला नाही.

असो. गाढवाकडे येते.

तुम्हाला तो व्हिडिओ आठवत असेल. एक गाढव बँकेत शिरलं आणि पैसे भरायच्या खिडकीसमोर बसलं. रांगेतले लोक हटले, मॅनेजर ओरडला, सुरक्षारक्षकाने ढकललं, ओढलं, हात जोडले. गाढवाने फक्त मान वळवली, एक पापणी अर्धी खाली आणली आणि त्याच्याकडे पाहिलं. कुणीतरी खाली लिहिलं, ‘मग?’ झालं! आठवड्याभरात सगळं जग त्या गाढवाच्या तोंडून बोलायला लागलं. परीक्षेत नापास, गाढव. प्रेमभंग, गाढव. माझ्या नवऱ्याने तर मला वाढदिवसाच्या शुभेच्छा गाढव लावून पाठवल्या. त्याचं उत्तर मी घरी आल्यावर दिलं.

आमच्या मालकाला अशा वेळी झोप लागत नाही. त्याने गाढव काढायचं ठरवलं, दाबलं की बोलणारं. पहिले तीन नमुने बघून आम्ही कपाळाला हात लावला. एक आजारी दिसत होतं, एक प्रेमात पडलेलं, तिसरं थेट मालकासारखं. शेवटी सासूबाईंकडे दिलं. त्यांनी व्हिडिओ एकदाच पाहिला, डाव्या डोळ्यावर पापणी दोन टाके खाली ओढली, आणि त्या गाढवाने आमच्याकडे असं पाहिलं की मी पदर नसताना पदर सावरला.

आता आवाज. मालकाने नाटकात काम करणारा एक गृहस्थ आणला. त्याने ‘मग?’ असं म्हटलं की जणू सिंहासन कुणीतरी ओढून नेलंय. दुसरी एक गोड गळ्याची बाई आली, ती तर गाढवाला झोपवायला निघाली. अर्धा दिवस गेला. मालक वैतागून सासूबाईंच्या टेबलाशी आला, हातात रेकॉर्डिंगचं यंत्र तसंच चालू, आणि म्हणाला, ‘बाई, काही जमत नाहीये! सगळं बोंबललं!’

सासूबाईंच्या तोंडात आठ टाचण्या. ‘मग?’

आम्ही अशा हसलो की शिवणयंत्रं थांबवावी लागली. मालकाने तिथल्या तिथे सांगितलं, हाच आवाज. सासूबाईही हसल्या. बावीस वर्षांत कुणी त्यांचं असं कौतुक केलं नव्हतं. लाजून त्यांच्या तोंडातून दोन टाचण्या पडल्या.

खोके भरून जायला लागले त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला. पहिलं गाढव हातात घेऊन त्यांनी पोट दाबलं. एकदा, दोनदा. मला म्हणाल्या, ‘अगं, हे तेच आहे.’

‘काय तेच?’

‘तिला म्हटलेलं. अगदी तस्संच. ती ऐकेल कुठेतरी. तिला वाटेल, ताईने माझ्या दुःखाचं खेळणं केलं आणि बाजारात मांडलं.’

आता मला वाटलं होतं हसण्यावारी न्यावं. पण त्या गाढव तसंच हातात घेऊन उठल्या. त्या मालकाकडे गेल्या, आवाज बदला म्हणाल्या. मालक म्हणाला, ‘बाई, वेड लागलंय का? माल निघाला.’ पुढे पंधरा दिवस जिकडे जावं तिकडे सासूबाई. बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीतून ‘मग?’ औषधाच्या दुकानात ‘मग?’ प्रत्येक वेळी त्या दचकायच्या. जेवण तुटलं. टाचण्या डबीत ठेवायला लागल्या, तेव्हा मात्र मी घाबरले.

एका रविवारी सकाळी मी त्यांची पर्स त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ‘चला. मावशींनी ऐकायच्या आधी तुम्ही सांगायचं.’

‘दार नाही उघडणार ती.’

‘नाही उघडलं तर मी दारात बसते. गाढव बसलं तसं.’

दोन बस बदलून गेलो. जिना चढताना सासूबाई पायरी-पायरीवर काय बोलायचं ते पुटपुटत होत्या. मी बेल वाजवली. मावशींनी दार उघडलं. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. सासूबाई पाठ केलेलं सगळं विसरल्या. मी आत डोकावले आणि बघते तर काय! सोफ्यावर गाढव बसलं होतं.

‘मावशी,’ मी घाईघाईने म्हटलं, ‘आईंनी मुद्दाम नाही केलं हो. तो मालक मेला...’

‘तू गप गं,’ मावशी म्हणाल्या. ‘आत या दोघी.’

आम्ही बसलो. गाढव मध्ये. मावशींनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. ‘दुकानात कुणीतरी याचं पोट दाबलं,’ त्या सासूबाईंना म्हणाल्या, ‘आणि मी मागे वळून पाहिलं. वाटलं, तू आलीस. तिथेच रडले, लोकांसमोर. मग विकत घेतलं. रागाने घेतलं बरं का, रोज थोबाडायला.’

‘थोबाड,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला थोबाड.’

‘ऐक तरी. पहिल्या दिवशी मी याला म्हटलं, नवरा सोडून गेला माझा. दाबलं. हा म्हणाला, मग? म्हटलं, मग काय मेल्या, चार महिने अंथरुणातून उठले नाही. हा पुन्हा, मग? म्हटलं, मग नोकरी धरली. असं करत करत मी याला नऊ वर्षांचं सगळं सांगून टाकलं, ताई. घसा बसला माझा.’ मावशींनी चष्मा काढला. ‘तेव्हा डोक्यात उजेड पडला. तू त्या दिवशी पुढचं विचारत होतीस का गं?’

सासूबाईंनी मान हलवली. ‘हो. तोंडात टाचण्या होत्या.’

‘टाचण्या!’ मावशी ओरडल्या. ‘नऊ वर्षं! टाचण्यांपायी!’ आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. ‘पिशवी होती माझी, ताई. कपड्यांची. तुझ्या दाराबाहेर ठेवली होती. तू दोन शब्द बोलली असतीस तर विचारणार होते, राहू का तुझ्याकडे काही दिवस.’

सासूबाईंना मी सासरे गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या लहान पोरीसारख्या रडल्या. ‘चुकलं माझं,’ म्हणाल्या. ‘आता चल. आत्ताच्या आत्ता चल. माझी खोली तुला देते.’

‘आता कशाला मरायला येऊ? आता माझं घर आहे. आडवी-तिडवी झोपते, कुणाचं ऐकत नाही. तुझं घोरणं कोण सहन करेल?’ मावशींनी नाक पुसलं. ‘तूच राहा इथे.’

‘कारखाना आहे उद्या.’

‘असू दे.’

‘कपडे नाही आणले.’

‘माझा गाऊन घाल. आखूड होईल, पण तुला इथे बघायला कोण येतंय!’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘मालकाला मी बघते. तुम्ही राहा हो.’ मी जिन्यापर्यंत पोचले तरी त्या दोघींचं लक्ष नव्हतं. मागून मावशींचा आवाज येत होता, त्या दिवशीची सगळी गोष्ट, रिक्षात बसल्यापासून पुढची.

एकटीच घरी आले. नवऱ्याने दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं.

‘आई कुठे आहे?’

‘माहेरी गेल्यात,’ मी म्हटलं.