सर्फांनी घातलेला गोंधळ

"काकू, दॅट्स नॉट फेअर!" रिया भर वर्गात ओरडली.

रिया आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या शेजाऱ्यांची मुलगी. शाळेत मला 'मिसेस देशपांडे' म्हणायचं, हे तिला शंभरदा बजावलं होतं. त्यात मागे सुपरवायझर मिस्टर डॉयल लॅपटॉप उघडून बसलेले. या शाळेतलं माझं चौथं वर्ष. त्यांच्या रिपोर्टवर माझी नोकरी पक्की होणार की जाणार, ते ठरणार होतं.

सहावीला मध्ययुगीन युरोप चालू होता. चिठ्ठ्या टाकून एक राजा, दोन जमीनदार लॉर्ड आणि चार नाइट, म्हणजे घोडेस्वार योद्धे, ठरवले. उरलेले सगळे सर्फ, म्हणजे जमिनीला बांधलेले शेतकरी. सर्फांना चॉकलेटं वाटायची, मग पीक म्हणून वरच्यांनी ती काढून घ्यायची. हा खेळ इथे बरेच शिक्षक घेतात. मी त्यात शपथेची भर घातली. नाइट गुडघे टेकतो, जोडलेले हात लॉर्डच्या हातांत देतो. हा लढणार, तो जमीन देऊन याला सांभाळणार. शब्द दोघांनीही पाळायचा.

मग मी शत्रूचा हल्ला जाहीर केला. नाइट झालेल्या ईथनची जमीन गेली. त्याचा लॉर्ड टायलर मात्र मजेत चॉकलेट खात बसलेला!

"यू प्रॉमिस्ड!" म्हणत ईथन उठला आणि सरळ दुसऱ्या लॉर्डकडे गेला.

"हे चालतं?" मुलांनी विचारलं.

"चालतं. लॉर्डनं शब्द मोडला, तर नाइट सोडून जाऊ शकतो."

"मग मी पण चालले," सर्फ रिया म्हणाली.

"तुला नाही जाता येणार. जमीन ज्याची, तू त्याची."

तेव्हा ती ओरडली. मागोमाग सगळे सर्फ बाकं बडवायला लागले. नुसता मासळीबाजार!

डॉयल उठले. "मिसेस देशपांडे, आधी यांना शांत करा."

"टू मिनिट्स, प्लीज," मी म्हटलं. मी मुलांकडे वळले. "ईथन गेला. रिया का नाही जाऊ शकत?"

टायलरनं तोंडातलं चॉकलेट गिळलं. "ईथनचे हात मी धरले होते," तो हळूच म्हणाला. "हिचे कुणी धरलेच नाहीत. ही जमिनीबरोबर आली."

बाकं बडवणं थांबलं. चार वर्षांत इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. तोही त्या चॉकलेटखाऊ टायलरचा!

रिपोर्टमध्ये 'वर्ग फार गोंगाटी' असा शेरा आला. त्याखालीच नोकरी पक्की करण्याची शिफारस होती.

सुपरवायझर येणार त्या दिवशी शांतता हवी असेल, तर वर्कशीट वाटावी. मी अजूनही वाटत नाही.