टेन्शनमधली बकरी

सगळं सुरू झालं सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. मलकापुरातल्या आमच्या छोट्याशा चित्रकला कॉलेजच्या दारात मी उभी, कडेवर दोन वर्षांची गुड्डी. सर म्हणाले, "अ‍ॅडमिशन कोणाची?"

"माझी, सर. पण शाळा सातवीपर्यंतच झाली."

"गोष्टीच्या पुस्तकातली चित्रं काढायचा दोन वर्षांचा क्लास आहे. मी हात पाहतो, मार्कशीट नाही."

तेवढ्यात गुड्डीनं त्यांच्या टेबलावरचा पेन उचलला आणि भिंतीवर ही लांब रेघ ओढली! सर म्हणाले, "चला, दोन अ‍ॅडमिशन!"

तेव्हापासून हे किस्से साचतच गेले, शार्पनरच्या सालपटांसारखे. आज झाडून काढावेत, तर उद्या पुन्हा तेवढेच!

सासूबाईंची मात्र एक अट होती. "वर्षाच्या शेवटी तिथं चित्राईचं प्रदर्शन असते म्हनते ना? तुया चित्रासमोर कोणी थांबलं, तं पुढच्या वर्षी जाय. नाही थांबलं, तं घर पाह्य."

झालं! माझी झोपच उडाली.

*

एकदा वर्गात निळ्या कापडावर दोन वांगी, एक कांदा आणि काळपट पडलेला पितळी तांब्या मांडला होता. तीन दिवस तेच समोर पाहून रंगवायचं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. तांब्याकडे पाहून जीव कसातरी झाला. कोणी आलं-गेलं तर काय म्हणेल! घरून चिंच आणलीच होती. नळावर बसून असा घासला, की त्यात तोंड दिसावं.

पोरं आली आणि जागीच थिजली. माझ्या शेजारी रेहान बसतो. त्याच्या कागदावर काळाकुट्ट तांब्या, अन् समोर पाहावं तर सोन्यासारखा! "भाभी, ये क्या किया!"

सरांनी तांब्यात आपलं तोंड पाहिलं. मग म्हणाले, "ताई, वांगी तरी भाजू नका. उद्या लागतील."

*

गुड्डी जागी असली की एक मिनिट स्थिर बसत नाही. त्यामुळे ती झोपली, की सगळा वर्ग हातातलं काम टाकून स्केचबुक घेऊन धावतो.

एकदा अशीच सगळी तिच्याभोवती बसली. रेहान हळूच म्हणाला, "भाभी, हात काढा ना तिच्यावरून."

"श्वास पाहून राह्यली."

"अर्ध्या तासापासून?"

"मंग!"

शेवटी कंटाळून सगळ्यांनी हातासकट चित्रं काढली. सर म्हणाले, "पोरीपेक्षा हातच बरे जमलेत!"

*

माझ्या चित्रांची अडचण वेगळीच. मी काहीही काढलं, तरी ते काळजीत दिसतं. मांजर काढा, झाड काढा, तेच! एकदा स्टँडवर उभी असलेली लोणारची एसटी काढली.

सरांनी विचारलं, "या बसला काय झालं?"

"काही नाही सर. नुसती उभी आहे."

रेहान वाकून पाहत म्हणतो, "सर, इसके बच्चे घर पे अकेले हैं!"

*

मग प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मी आमच्या घरची बकरी काढली होती. जागा मिळाली कोपऱ्यात, पाण्याच्या कॅनजवळ. दुपारपर्यंत लोक आले, पाणी प्यायले अन् गेले. बकरीकडे कोणी मान वळवली नाही.

मी रेहानला विचारलं, "पाण्यासाठी थांबले, ते धरायचे का?"

"भाभी, वो तो कॅन के सामने रुके."

इतक्यात सासूबाई आल्या! सरळ चित्राजवळ गेल्या. पाहतच राहिल्या.

"हे आपली बकरी हाय ना? हिले काऊन एवढं टेन्शन?"

मी गुड्डीला कडेवर सावरलं.

"कोणी थांबलं का?"

"नाही, आई."

त्यांनी हॉलभर नजर फिरवली. मग एक खुर्ची ओढून बरोबर चित्राशेजारी टाकली. पाण्याचा कॅन पायानं खुर्चीमागं ढकलला, गुड्डीला मांडीवर घेतलं आणि बसल्या.

एक शर्ट-पँटवाले भाऊ आले. "आजी, पाणी पाहिजे होतं."

"देते ना भाऊ. आधी बकरी पाह्य."

भाऊनं पाहिली. चांगली निरखून पाहिली. सासूबाईंनी ग्लास भरून हातात दिला.

"पाह्यली ना? मंग आता बाहेर जाऊन चौघाईले सांगजो, बकरी इकडं कोपऱ्यात हाय म्हनून!"