टाकीभोवतीचा बांध

त्या पावसात आमच्या पुंडलिकनगरच्या घरातला संडास तुंबला नाही, कारण मी वेळीच परसातल्या सेप्टिक टाकीभोवती मातीचा बांध घातला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं सांगायचं टाळलं. तो बांध शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं घातला होता.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ती रोज यायची. शेळीला काठी न मारता तिच्या कानाशी तोंड नेऊन रागवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी प्लॉटवरचं पाणी आमच्या परसात घुसलं. घरात लेक ओली बाळंतीण. मी मागं गेलो, तर ही बाई पदर खोचून माझ्या गुलाबाच्या वाफ्यातली माती उपसत होती.

"ए, माती चोरतेस? नीघ इथून!" मी ओरडलो.

"टाकीच्या झाकनातून पानी आत चाललंय, सायेब," ती झाकणाभोवती माती थापत म्हणाली. "भांडान मंग करा. आमी पावसात ऱ्हायच्या पालाभवती असंच पानी वळवतो."

मी फाटकाकडं बोट दाखवलं. शेवटची ओंजळ दाबून बसवून ती निघून गेली.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या संडासांतून घाण पाणी वर आलं. आमच्याकडं ओतलेली बादली मात्र झर्रकन खाली गेली. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथंच एकटा हसत उभा राहिलो. जावयानं बांधाचं कौतुक केलं, ते मी माझ्याच नावावर घेतलं.

पुढं प्लॉटवर घर झालं, बाई यायची थांबली. आज हे लिहून मन हलकं झालं. तिला मात्र म्हणायचं राहूनच गेलं, "मावशी, तुम्हाला चोर म्हणालो. माफ करा."