एक तृतीयांश माफ

गेनर ब्लूर सेहेचाळिसाव्या वर्षी गुन्हेगारीशास्त्र शिकायला युनिव्हर्सिटीत गेली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं ती वकील होणार, उरलेल्यांना वाटलं पोलीस. ती दोन्हीपैकी काही होणार नव्हती. बावीस वर्षं तिनं कारखान्यात कपबश्यांवर फुलांचे छाप चिकटवले. कारखाना बंद पडला तशी शाळेच्या जेवणघरात वाढायला लागली. शाळा सोळाव्या वर्षी सोडलेली, म्हणून तिला सरळ पहिल्या वर्षाला घेतलं नाही. आधी एक पायाभरणीचं वर्ष. निबंध कसा लिहायचा, संदर्भ कसे द्यायचे, आणि पोलीस, कोर्ट, तुरुंग सगळ्यातलं थोडं थोडं. ते पास झालं की मग पदवी सुरू.

"म्हणजे बालवाडी," मी म्हटलं.

"हो, पण दुपारचं झोपू देत नाहीत," गेनर म्हणाली.

मी स्वतः कुठल्या वर्गात बसलेली नाही. या वस्तीत घर खाली करायची नोटीस आली, भत्ता थांबला, पोराला पोलिसांनी उचललं, की लोक माझं दार वाजवतात. पंधरा वर्षं वाजवतायत. कायदा मी कोर्टाच्या बाकड्यांवर शिकले, चुका करत, अपमान गिळत. त्यामुळे सोमवारचे तास संपवून गेनर माझ्या स्वयंपाकघरात यायची आणि मलाच कोर्ट समजावून सांगायची, तेव्हा माझं टाळकं सरकायचं.

"पॉलीन, पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला ना, तर शिक्षेतला एक तृतीयांश माफ होतो. ठाऊक होतं तुला?"

"तुझ्या प्राध्यापकाला मिशी फुटायच्या आधीपासून ठाऊक आहे."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"तू कधी कुणाला मारलं नाहीस."

फेब्रुवारीत जॅरेडचं प्रकरण झालं. जॅरेड म्हणजे समोरच्या हेदर मोट्रमचा मुलगा, सव्वीस वर्षांचा. सुपरमार्केटच्या दारात पहारेकऱ्यानं चोरीच्या संशयावरून त्याची बाही धरली. पिशवीत चोरीचं काही नव्हतं. जॅरेडनं हात हिसडला आणि तो माणूस मागच्या ढकलगाड्यांवर पडला. मारहाणीचा गुन्हा लागला, कोर्टाची तारीख आली. दोन वर्षं घरी बसून काढल्यावर जॅरेडला नुकतीच टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर नोकरी लागली होती. आत गेला तर ती जाणार, हे त्यालाही कळत होतं, हेदरलाही.

एरवी हेदर माझ्याकडे आली असती. या वेळी ती मुलाला घेऊन गेनरकडे गेली. रस्त्यापलीकडचं गेनरचं घर माझ्या खिडकीतून दिसत होतं: तिघं टेबलाभोवती, मध्ये गेनरची निळी फाईल. रस्ता ओलांडायला मला वीस पावलं पुरली असती. मी किटली चढवली आणि किटलीलाच म्हटलं, विचारा जा बालवाडीला.

तिथं काय बोलणं झालं ते नंतर गेनरनंच सांगितलं.

"मावशी, मी ढकललं नाही त्याला. नुसता हात सोडवला," जॅरेड म्हणाला.

"अरे, पण तो गणवेशातला माणूस, आणि तू तू. कुणाचं ऐकतील ते? पहिल्या तारखेला कबूल करून मोकळा हो. एक तृतीयांश माफ होतं. दंडावर भागेल." आणि तिनं फाईलमधलं पान त्याच्यापुढं ठेवलं.

एक गोष्ट तिनं विचारली नाही: आधीचं काही डोक्यावर लटकतंय का? कोर्टात चार वेळा बसलेला कुणीही हे आधी विचारतो, चहात साखर किती ते मग. गेनरच्या फाईलमध्ये ते पान अजून आलं नव्हतं. आणि जॅरेडही बोलला नाही. मागच्या वर्षी पबबाहेरच्या हाणामारीत त्याला चौदा आठवड्यांची शिक्षा झाली होती, पण स्थगित. दोन वर्षं नीट वागलास तर तुरुंग नाही. तो कोर्टाच्या पुढच्या दारानं चालत बाहेर आला होता, गल्लीत आम्हा कुणाला कळलंही नव्हतं. असा बाहेर आलेला माणूस 'मला सोडलं' असंच समजतो.

तारखेच्या दिवशी सकाळी हेदर माझ्याकडे आली. "चल ना पॉलीन. तसं गेनरनं सगळं समजावलंय त्याला. पण तिथली मुतारी कुठंय ते तुलाच माहीत."

गेलेच मी.

गेनरनं मुद्दाम तोच दिवस धरला होता. वर्गाला कामच दिलेलं असतं: प्रेक्षकांच्या बाकांवर बसायचं, खटला बघायचा, आणि कोण बोललं, किती मिनिटं, आरोपीनं काय केलं, ते तक्त्यात भरून द्यायचं. ती पेन्सिलींना टोक काढून आली होती.

हेदर आणि ती आत गेल्या. मी बाहेर राहिले, कारण कोर्टानं दिलेला फुकटचा वकील जॅरेडला भेटून मान हलवत खोलीतून बाहेर येत होता.

"काय झालं?"

"दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण अजून आलेलंच नाही. मी म्हटलं, नाकबूल कर, थांब. तर म्हणतो, नाही, कबूलच करणार. जुनी शिक्षा उठेल हेही सांगितलं. म्हणे मावशी युनिव्हर्सिटीत शिकते, तिनं छापील दाखवलंय."

"कुठली जुनी शिक्षा?"

त्यानं सांगितलं. मी धावले, पण जॅरेडला आत नेलं होतं, काचेच्या पिंजऱ्यात. बाकांवरून तिथं बोलता येत नाही. बोललात तर बाहेर काढतात. मी गेनरच्या कानाशी गेले.

"अगं, चौदा आठवडे लटकलेत त्याच्यावर."

"म्हणजे?"

"म्हणजे कबूल केलं की ते भोगावे लागतात."

शिपायानं आमच्याकडे बोट केलं. मला पंधरा वर्षांत शंभर युक्त्या जमल्यात, त्या क्षणाला एक आठवली नाही. आणि जॅरेड चांगल्या विद्यार्थ्यासारखा स्पष्ट बोलला, "कबूल."

तीन मॅजिस्ट्रेट आत जाऊन परत आले. मधली बाई चष्मा काढून म्हणाली, या गुन्ह्याचे सहा आठवडे. पहिल्याच संधीला कबुली दिली म्हणून चार. स्थगित ठेवलेले चौदा आता लागू. एकूण अठरा.

जॅरेडनं गेनरकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. उत्तर बरोबर आलं का, एवढंच विचारत होता. मग त्याला खाली नेलं.

बाहेरच्या वाटेवर मी वकिलावर तोंड सोडलं. त्यानं शांतपणे वही उघडली. 'सल्ला समजला, तरी कबूल करतो', खाली जॅरेडची सही. "अपील करा," तो म्हणाला, "पण दिलेली कबुली मागं घेणं महाकठीण. आणि सुनावणी होईपर्यंत तो जवळजवळ सुटलेला असेल." त्याला पुढचा माणूस भेटायचा होता. मला भांडायला कुणी उरलं नाही.

हेदरनं गेनरचे दोन्ही हात धरले. "दोन आठवडे तरी वाचले तुझ्यामुळं."

"हेदर, ऐक. माझ्यामुळंच तो..."

"गप गं. आमच्यात शिकलेलं कोण होतं दुसरं? तू होतीस म्हणून."

गेनरनं नंतरही दोनदा प्रयत्न केला. हेदर ऐकूनच घेत नाही. ऐकलं तर तिला चिडावं लागेल, आणि शेजारच्या दारातल्या एकुलत्या मैत्रिणीवर चिडून ती राहणार कशी? कारखान्यानं त्याच आठवड्यात फोन करून जॅरेडचा लॉकर रिकामा करायला सांगितलं. तेही काम गेनरनंच केलं. तक्ता तिला द्यायचा नव्हता. मी म्हटलं, दे, नाहीतर वर्षही जाईल, आणि त्यानं जॅरेड सुटणार नाही. दिला. शंभरात अडुसष्ट पडले. 'निरीक्षण बारकाईचं, लेखिका अलिप्त राहिली आहे.'

मी तिला एकदाही काही लावून बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? त्या संध्याकाळी खिडकीत मी होते.

परवा तुरुंगातून कागद आला. भेटीला कोण यावं याची नावं कैद्यानं द्यायची असतात. जॅरेडनं दोनच दिली: आई आणि गेनर मावशी. शनिवारी दुपारी दोनची वेळ.

गेनर कागद घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना.

"काय बोलू गं मी त्याच्याशी?"

"ओळख पटवायला पासपोर्ट ने बरोबर," मी म्हटलं. "दीडपर्यंत पोच. उशीर झाला तर आत घेत नाहीत."

"आणि?"

"आणि कोट बाहेर काढून ठेवावा लागतो. आतून जाडसर काहीतरी घाल."