हवेशिवाय चालणारे टायर

माझ्या भावाच्या गाडीला स्टेपनी नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं, एवढी लांबलचक गाडी आणि पाचवं चाक ठेवायला जागा नाही, मग हिला मोठी कशाला म्हणायची? तेव्हा त्याने मला रनफ्लॅट टायर समजावून सांगितले. पंक्चर झालं तरी हे टायर बसत नाहीत, त्यांच्या कडा इतक्या जाड असतात की गाडीचा भार त्याच पेलतात, आणि हळूहळू का होईना, गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत पोचते. सांगताना तो असा खुलला होता, जणू हे टायर त्यानेच शोधून काढले होते. मी दादरच्या एका शाळेत क्लार्क, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण दादा खुशीत असला की मी वाद घालत नसे, कारण तो खुशीत फारसा नसायचाच.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा तो नववीत होता आणि मी पाटी घेऊन बालवाडीत जात होते. आमचे वडील, आबा, गिरणीच्या साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात, कामाला होते. संप लांबला, घरातली भांडी एकेक करून गेली, आणि दादाने शाळा सोडून शिवाजी पार्कच्या बाजूला गाड्या धुवायला सुरुवात केली. धुता धुता चालवायला शिकला. पुढे एका साहेबाकडे ड्रायव्हर म्हणून लागला तो कायमचाच. साहेबाचा फ्लॅट परळच्या एका टॉवरमध्ये होता. तो टॉवर आबांच्या गिरणीच्या जागेवर उभा होता, आणि ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

साहेब परदेशी कायमचे गेले तेव्हा त्यांनी ती जुनी जर्मन गाडी दादाला एखाद्या छोट्या गाडीच्या भावात दिली. असल्या जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक नसतं, त्यांचा खर्च हत्ती पोसल्यासारखा असतो, हे दादालाही ठाऊक होतं. तरी त्याने ती घेतली. डिलाईल रोडला आमच्या चाळीसमोर ती उभी राहिली तेव्हा सगळी चाळ खाली उतरली, हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबू झालं. आबा मात्र गॅलरीतून हलले नाहीत. वरूनच म्हणाले, "गाडी सायबाचीच. तू डायवरच." गिरणीच्या त्या जागेवरची कुठलीच वस्तू त्यांना नको होती, आणि पुढची कित्येक वर्षं ते त्या गाडीत बसले नाहीत. डॉक्टरकडे जायचं झालं तरी टॅक्सीने जात. दादा टॅक्सीच्या मागून आपली रिकामी गाडी घेऊन येई. मला दोघांचाही राग यायचा.

मग आबांची छाती अगदीच खलास झाली. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा असं सांगितलं, आणि त्याचा अर्थ आबांना आमच्याआधी समजला. दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी दादा नव्या साहेबाकडे कामावर निघताना त्याला म्हणाले, "माका गावाक व्हर. तुझ्या गाडयेतसून व्हर." दादा चपला घालता घालता तिथेच थांबला. मला वाटतं, आयुष्यात त्याने बापाकडून ऐकायची वाट पाहिली असेल तर, तुझ्या गाडीतून ने, एवढ्याच वाक्याची. आणि नेमकी तेव्हाच गाडी अडून बसली होती.

झालं होतं असं की आदल्याच आठवड्यात तो गावाहून आला होता. कोकणातला माणूस गाडी घेऊन मुंबईला निघाला की तो एकटा निघत नाही. अख्ख्या वाडीला आपली मुंबईतली पोरं आठवतात. कुणी तांदळाचं बोचकं आणून ठेवतं, कुणी फणस, कुणी कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, कुणी आंब्याची पेटी, आणि नाही म्हणायची सोय नसते. दादाची गाडी तर फुकटचा टेम्पोच झाली होती. वडखळच्या अलीकडे मागचं डावं चाक एका खड्ड्यात गेलं आणि समोर टायरची हवा गेल्याचा दिवा लागला. असा दिवा लागला की ओझं कमी करून हळू जायचं असतं. दादाला ते माहीत होतं. पण रस्त्यावर कुणाचं ओझं उतरवणार? ज्याच्या आईने तांदूळ दिला त्याला काय सांगणार? हवेशिवाय चालणारा टायर आहे, चालेल, असं म्हणून तो तसाच मुंबईत आला. आधी लालबागला फणस पोचवले, मग करी रोडला तांदूळ, आणि मग घरी.

बाहेरून टायर शाबूत दिसत होता. हवा भरली तर फुगलाही. पण पुलाखालच्या पंक्चरवाल्याने तो रिमवरून काढला, आत हात घातला, आणि मूठभर काळा चुरा बाहेर काढून दादाच्या तळहातावर ठेवला. हवेशिवाय चाललेला टायर आतून झिजतो, तो पुन्हा कधी दगा देईल सांगता येत नाही, असं त्याने समजावलं. उजव्या बाजूचा टायरही म्हातारा झाला होता, त्याला फुगा आला होता. म्हणजे मागचे दोन्ही गेले. कंपनीच्या शोरूममध्ये विचारलं तेव्हा त्यांनी जो भाव सांगितला त्यात आमच्या चाळीत एक साधं लग्न उरकलं असतं.

मी म्हटलं, साधे टायर घाल, निम्म्याहून कमी पैशांत काम होईल. पंक्चरवालाही तेच म्हणत होता. पण साधे घातले तर स्टेपनी लागणार, आणि ती डिकीत आडवी पडली की आबांची घडीची खाट, कमोडची खुर्ची आणि ऑक्सिजनचं नळकांडं ठेवायचं कुठे? बिनस्टेपनीचं निघालो आणि घाटात चाक बसलं तर धाप लागलेल्या म्हाताऱ्याला घेऊन रस्त्याच्या कडेला बसणार का, असं दादाने मला विचारलं. त्याचं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच चिडले. मग अँब्युलन्स करू, असं मी आबांच्या समोर बोलले. आबा म्हणाले, अँब्युलन्सीतसून मडी जातत. तो विषय तिथेच संपला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दादा कामावरून सुटला की टायर शोधायचा, आणि शनिवारी मला अर्धा दिवस असे तेव्हा मीही त्याच्याबरोबर जाई, कारण एकटा असला की तो पटकन भुलतो. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे आम्ही एकेक पायरी चढलो. नवे टायर परवडत नव्हते आणि जुने भरवशाचे नव्हते. एका दुकानात काळ्या पॉलिशने चकचकीत केलेली जोडी मांडून ठेवली होती, परदेशातून आलेला माल म्हणून. दादा खाली बसला आणि त्याने आत हात फिरवला. हात काळा झाला. दुकानदार गालातल्या गालात हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी त्या दुकानदाराला चार शब्द सुनावले, त्याचा काही उपयोग नव्हता. बाहेर येऊन दादा नळावर हात धूत राहिला. काळं निघेना. म्हणाला, "मीच माती खाल्ली. फणस ठेवायचे होते रस्त्यावर."

घरी आबा रोज विचारत, गाडी झाली काय? आणि दादा रोज सांगे, उद्या होईल. आबांचा आवाज दिवसेंदिवस खाली जात होता. रात्री उशा लावून बसल्या बसल्या झोपत. मला आतून वाटत होतं की हे काही गावाला पोचत नाहीत, आणि दादाला तसं सांगायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी टायर मिळाले ते दुकानात नाही. ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे, साहेबाच्या गाडीचं जुनं सामान निघालं की ते ड्रायव्हरचं. टायर, बॅटरी, सीटकव्हर, जे निघेल ते. साहेब लोकांना एक टायर फुटला की चारही बदलायची सवय असते. दादाने बेसमेंटमध्ये डबा खाणाऱ्या जुन्या सोबत्यांमध्ये शब्द टाकून ठेवला होता, आणि एकाने त्याला आपल्या साहेबाच्या टॉवरवर बोलावून घेतलं. त्याच मापाची जोडी, जेमतेम वर्षभर चाललेली, पार्किंगच्या खांबामागे पडून होती. दादाने आत हात घालून पाहिला, हात कोरडा निघाला. सोबत्याने चहापाण्यापुरते पैसे घेतले, तेही दादाने जबरदस्तीने खिशात कोंबले म्हणून.

पण तो टॉवर परळचा होता. आबांच्या गिरणीच्या जागेवरचा.

मी दादाला निक्षून सांगितलं, हे आबांना सांगायचं नाही. ऑपेरा हाऊसला मिळाले म्हण. त्याने मान डोलावली. संध्याकाळी टायर बसवून तो घरी आला, आबांच्या पायथ्याशी बसला, आणि आबांनी विचारलंच, "खयसून हाडलंस?" दादाने माझ्याकडे पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आबा डोळे मिटून पडले. मग म्हणाले, "हवा बरी भरून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतल्या चौघांनी आबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. जिना अरुंद, प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागत होती. मागच्या सीटवर मी आणि आबा, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. ते इतके हलके झाले होते की खांद्याला भार असा जाणवत नव्हता. बायका पाया पडायला आल्या. आबांनी कुणालाच पुन्हा भेटू असं म्हटलं नाही, आणि कुणी त्यांना तसं म्हणायला लावलंही नाही. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबाला विमानतळावर न्यायला जाताना घालायचा तसा.

गाडी निघाली. दादाने एसी बेताचा लावला, काचा वर घेतल्या, आणि रस्त्यातला प्रत्येक खळगा चुकवत तो असा चालवत होता की आबांची ऑक्सिजनची नळीही हलत नव्हती. लालबाग मागे पडलं, परळ आलं. दादा आरशातून सारखा मागे बघत होता. तो कशाची वाट पाहतोय हे मला कळत होतं. एक शब्द. बरी आहे गाडी, एवढं म्हटलं असतं तरी त्याचं भरून पावलं असतं.

आबांनी डोळे उघडले. बाहेर बस, टेम्पो, माणसं, सगळं चाललेलं दिसत होतं. आबा म्हणाले, "भायरचो आवाज येना नाय."

दादाचा चेहरा उजळला. म्हणाला, "या गाडीची खासियत ती, आबा. काच बंद केली की आत काय ऐकू येत नाय."

आबांनी मान हलवली. त्यांना दम लागला, मी नळी नीट केली. मग एकेक शब्द सुटा काढत ते म्हणाले, "सगळे साचे बंद झाले त्या दिसाक असाच वाटलेला. कानाक काय येयनाच. माका वाटला, मी मेलंय." आणि हात उचलून काचेवर ठेवला. "खाली कर."

दादाने एसी बंद केला आणि चारही काचा खाली घेतल्या. हॉर्न, धूर, गोंगाट, सगळं एकदम आत आलं. आबांनी डोळे मिटले आणि त्यांचं अंग सैल झालं. मी घाबरून त्यांच्या नाकाशी हात नेला, श्वास चालू होता. ते झोपले होते, आणि तशी गाढ झोप त्यांना कित्येक रात्रींत लागलेली नव्हती.

दादा आरशात बघायचा थांबला. मे महिन्याचं ऊन, ट्रकांची धूळ, घाटातला डिझेलचा वास, तो घामाने भिजून गेला, इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं. गावाच्या पाणंदीत गाडी शिरेपर्यंत त्याने एकही काच वर घेतली नाही.